गंगाक्का आणि हिसका

गंगाक्का कोणाला मारणार हे काही क्षण आधी कळत असे. हातातला पाना त्या जमिनीवर ठेवत, पदर कमरेला घट्ट खोचत आणि समोरच्या माणसाकडे इतक्या शांतपणे चालत जात, की अनोळखी माणसाला वाटावे, ही बाई पत्ता विचारायला येत आहे. लोखंड हातात घेऊन त्यांनी कधी कोणाला मारले नाही. "लोखंडानं मानूस मरतंय. मेल्यावर त्येला काय कळतंय?" हे त्यांचे तर्कशास्त्र होते. मारण्याचा हेतू कळवणे हा असेल, तर ते बिनचूक होते.

गडमुडशिंगीत आमच्या घरापलीकडे त्यांचे पत्र्याचे शेड होते आणि शेडमध्ये एक जुनी पांढरी पिकअप. रस्त्यात बंद पडलेल्या, चिखलात रुतलेल्या, खड्ड्यात कललेल्या गाड्या ओढून काढणे हा त्यांचा व्यवसाय. नवऱ्याने, मारुतीमामांनी, तो सुरू केला; ते गेल्यावर अक्कांनी चालवला. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यांना जेवायला फुरसत नसे. शेतातून भरून निघालेली ट्रॉली मऊ रानात चाकांच्या धुरीपर्यंत बसते, मागे वाहनांची रांग लागते, आणि मग कोणीतरी म्हणते, अक्काला बोलवा.

आमच्या भागात रुतलेली गाडी काढण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे. दोन गाड्यांमध्ये साखळी बांधतात, ती मुद्दाम ढिली ठेवतात, ओढणारी गाडी मागे घेतात आणि मग सुसाट पुढे सोडतात. साखळी ताणली जाते त्या क्षणी बसणाऱ्या धक्क्याला हिसका म्हणतात. हिसका हा तमाशासारखा पाहिला जातो. माणसे शिट्ट्या मारतात, मोबाइल काढतात, किती हिसक्यांत निघाली यावर आठवडाभर चर्चा करतात. एका क्षणापुरते बल अनेक पटींनी वाढते, म्हणून गाडी निघते, हे खरे आहे. त्याच कारणाने साखळी तुटते, हेही तितकेच खरे आहे. तुटलेली साखळी कोणत्या दिशेला जाईल, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

मारुतीमामांच्या बाबतीत ती त्यांच्या मानेकडे गेली. मी तेव्हा शाळेत होते. ट्रॅक्टरवर त्यांचा धाकटा भाऊ धोंडिराम बसला होता आणि हिसका त्याने मारला होता. मामा साखळीपाशी उभे राहून हाताने खूण करत होते. सगळ्यांनी त्याला अपघात म्हटले, पोलिसांनीही. आईने मला पुढे सांगितले की अक्का पोलीस ठाण्यात जायला निघाल्या होत्या, तेव्हा सासूने उंबऱ्यात आडवे पडून वाट अडवली. एक लेक गेला, दुसरा तुरुंगात घालू नकोस, एवढेच म्हातारी म्हणत राहिली. अक्का उंबरा ओलांडून गेल्या नाहीत. दीर आणि भावजय मधल्या एका भिंतीच्या दोन बाजूंना राहू लागले, आणि त्या दिवसापासून अक्कांच्या कामावर हिसक्याला बंदी झाली.

ही बंदी त्या हाताने अमलात आणत. कोडोलीकडच्या एका ट्रकचालकाला धीर धरवला नाही. अक्का साखळीचा हूक तपासत असताना त्याने आपल्याच बाजूने गाडीला झटका दिला. अक्का बचावल्या. त्यांनी पाना खाली ठेवला, पदर खोचला, केबिनची पायरी चढल्या आणि त्या धिप्पाड माणसाला कॉलर धरून बाहेर ओढले. तो खाली पडला, उठला, पुन्हा पडला. त्याच्या नाकातून रक्त येऊ लागले, तेव्हा अक्कांनी त्याला पाण्याची बाटली दिली आणि तोंड धुऊन झाल्यावर आणखी एक ठेवून दिली. "पावणं, पहिली माझ्यासाठी हुती. ही तुमच्या बायकूकडनं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याचा ट्रक ओढून रस्त्यावर आणून दिला.

माझ्या निरीक्षणात एक विसंगती होती. हिसका मारणाऱ्या परक्या माणसांना त्या फोडून काढत. धोंडिरामला त्यांनी कधी बोटही लावले नव्हते.

मी पुण्यातली इंजिन-चाचणीची नोकरी सोडून परदेशातल्या विद्यापीठाच्या प्रवेशाची वाट पाहत घरी आले, त्या वर्षी धोंडिरामने नवा, अधिक ताकदीचा ट्रॅक्टर घेतला आणि गाड्या ओढण्याची कामे धरू लागला. तो उंच, हसतमुख आणि गावाचा लाडका माणूस होता. ट्रॅक्टरवर झेंडूच्या माळा, मागे मोठे स्पीकर. प्रत्येक कामाला तो हिसका मारी आणि प्रत्येक हिसक्याला टाळ्या पडत. अक्कांच्या जुन्या पिकअपला भरलेली जोडट्रॉली हलत नसे, त्यामुळे ऊसवाहतुकीचे मुकादम एकेक करून त्याच्याकडे वळले.

एके सकाळी अक्का आमच्या अंगणात आल्या. चहा घेतला नाही. "इंजनेर, माझ्या गाडीला ताकद दे. आन् डिझेल कमी प्यायला शिकीव." मी म्हणाले की या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत. त्यांनी ते ऐकून घेतले आणि मग ज्या गोष्टीसाठी आल्या होत्या ती सांगितली.

"धोंड्याच्या हातात साखळी ऱ्हायला नगं. मी वडू शकले तर त्येला कुनी बोलवायचं न्हाय. न्हायतर पुन्यांदा कुनाचा तरी मारुती हुईल."

मलाही प्रयोग करायला एखादे वाहन हवे होते, हेही सांगितले पाहिजे. प्रवेशासाठी दाखवता येईल असे काहीतरी हातून घडावे, ही माझी घाई होती. आम्ही पिकअप घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात रफीकमिस्त्रींच्या गॅरेजला गेलो. त्यांच्या वडिलांपासून तिथे इंजिने उघडली जात होती. ताकदीची त्यांची व्याख्या सोपी होती: पंप उघडायचा. म्हणजे इंजिनात अधिक डिझेल सोडायचे, मागून काळा धूर काढायचा आणि मालकाला खूश करायचे. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली काजळी, हे मी त्यांना समजावले. त्यांनी मान डोलावली. "मॅडम, तुमचं बरोबर हाय. पन धूर दिसला न्हाय तर गिऱ्हाइकाला ताकद दिसत न्हाय की."

तपासणीत जे सापडले ते निराशाजनक आणि म्हणूनच आशादायक होते. मागच्या एका चाकाचा ब्रेक कायम घासत होता, म्हणजे गाडी सतत स्वतःलाच अडवून चालत होती. टर्बोकडून येणाऱ्या रबरी नळीला चीर होती, त्यामुळे इंजिनाचा श्वास अपुरा पडत होता. पुढे जड लोखंडी गार्ड, वर कॅरिअर, आणि मागच्या हौद्यात मोठाले दगड. ओढताना मागच्या चाकांवर वजन हवे हे मारुतीमामांना ठाऊक होते; पण ते दगड रिकाम्या फेरीतही गावोगाव हिंडत आणि डिझेल पीत. मी दगड काढायला लावले आणि त्या जागी रिकामी पोती ठेवली. कामाच्या जागी माती भरायची, काम झाले की ओतून टाकायची. अक्कांनी दगड स्वतः उतरवले. एकही फेकला नाही. सगळे घरी आणून शेडच्या भिंतीलगत रचून ठेवले.

खरा बदल मागच्या धुरीत होता. तिथल्या क्राऊन-पिनियन या दातेरी जोडीचे गुणोत्तर वाढवले की चाकाला अधिक पीळ मिळतो आणि गाडी मुंगीच्या गतीने, क्लच न जाळता ओढू शकते. मात्र सपाट रस्त्यावर इंजिन अधिक फिरते. मी मधले गुणोत्तर निवडले, आणि तिथे वाढणारा डिझेलचा खर्च घासणारा ब्रेक, फाटकी नळी आणि निरुपयोगी वजन यांतून भरून काढला. साखळीचा हूक धुरीच्या खाली उतरवला, म्हणजे ओढताना गाडीचे तोंड उचलणार नाही. ब्रेकही मोठे बसवले. ओढण्याच्या गाडीला थांबायची काय गरज, असे रफीकमिस्त्रींनी विचारले, आणि अक्कांनी त्यांच्याकडे असे पाहिले की ब्रेक त्याच दिवशी बसले.

तरी त्यांनी एक चोरटी भेट दिलीच. मला न सांगता पंप उघडला. पिकअप गॅरेजबाहेर पडली ती काळा ढग सोडत, आणि अक्का इतक्या खूश झाल्या की बॉनेटवर थाप मारून त्यांनी गाडीला शाबासकी दिली. डिझेलची टाकी पाहता पाहता रिती होऊ लागली तेव्हा मी पंप पाहिला. सील तुटलेले होते. आम्ही परत गेलो. पाना खाली ठेवला गेला. मी मध्ये पडेपर्यंत अक्कांनी रफीकमिस्त्रींची मान पकडून त्यांचे तोंड सायलेन्सरपाशी टेकवले होते आणि मला रेस दाबायला सांगत होत्या, "दाब की ग. दिसू दे ह्येला ताकद." मी दाबली नाही. गालावर काजळीचे कडे उमटलेले मिस्त्री उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, तोंड धुतो आन् पंप बांधतो." त्यांनी तो इतका छान बांधला की पुढे धूर नावालाही दिसला नाही. पुढे हा प्रसंग ते गिऱ्हाइकांना रंगवून सांगत. त्यातली मान तेवढी दुसऱ्याच मिस्त्रीची असे.

पहिली खरी चाचणी आमच्याच शिवारात झाली. भरलेली ट्रॉली, मऊ रान, माती भरलेली पोती, सरळ ताणलेली साखळी. गाडी सावकाश ओढत होती आणि मला साखळीचा कोन पाहायचा होता, म्हणून मी वाकून जवळ गेले. इंजिन थांबल्याचे मी ऐकले. पुढच्या क्षणी माझी वेणी मागून ओढली गेली आणि मी सरीत तोंडावर पडले. ओठ फुटला. माती दातांत गेली. मान वळवली तेव्हा अक्का माझ्यावर उभ्या होत्या.

"तितं मारुती हुता," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गाडीत जाऊन बसल्या.

त्यांचे बरोबर होते हे मला पडल्या जागी कळले. तरी मी रागावले आणि तो राग आजही पुरता गेलेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ट्रॉली निघाली. कोणी शिट्टी मारली नाही, कारण पाहण्यासारखे काही घडलेच नव्हते. "अक्का, म्होरं बैल जुपू का?" कोणीतरी बांधावरून विचारले. "तुझ्या बाला जुप," अक्का म्हणाल्या. पण मुकादमांना शिट्ट्यांशी कर्तव्य नव्हते. अक्कांनी ओढलेल्या ट्रॉलीचा दांडा वाकत नाही, धुरी निखळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि कामे परत येऊ लागली. जयसिंगपूरकडूनही फोन येऊ लागले. धोंडिरामचा ट्रॅक्टर माळा वाळवत दारात उभा राहू लागला.

एका दुपारी धोंडिराम टॉमी, चाकाचे नट खोलायची लोखंडी कांब, घेऊन आला. मी गाडीखाली होते, बाहेर येईपर्यंत पुढची काच फुटली होती. त्याने दिवे फोडले, आरसे फोडले, दरवाजावर घाव घातले. त्याच्या तोंडून शब्द निघत नव्हते, नुसता दम. अक्का शेडच्या दारात उभ्या होत्या. हातात पाना होता. मी त्या हाताकडे पाहत राहिले. पाना खाली गेला नाही, पदर खोचला गेला नाही.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता काचा येच. पोरं अनवानी फिरत्यात."

आणि तो धिप्पाड माणूस उकिडवा बसून काचा वेचू लागला. मोठ्या आधी, मग बारीक. बोटांतून रक्त येत होते तरी वेचत राहिला. तो गेल्यावर मी अक्कांना विचारले की सगळ्या जगाला मारता, यालाच का नाही. त्यांनी पाना भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

"येकदा सुरू केलं की थांबायची न्हाय मी. म्हनून."

हंगाम सरत आला होता. नदीकाठच्या मळीच्या रानात एक भरलेली ट्रॉली रुतली आणि मुकादमाने अक्कांना फोन केला. धोंडिरामला ते कुठून कळले कोण जाणे. आमची पिकअप पोहोचायच्या आत त्याने आपला ट्रॅक्टर लावला होता. साखळी त्याने खालच्या हूकला न बांधता सीटच्या मागच्या उंच दांड्याला बांधली होती. इतक्या उंचावरून ट्रॅक्टरने हिसका मारला आणि मागची वस्तू हलली नाही, तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते. ट्रॉली हलली नव्हती. आम्ही बांध चढलो तेव्हा ट्रॅक्टर उलथा पडलेला होता, पुढची चाके आभाळाकडे आणि अजून फिरत होती. धोंडिरामचा डावा पाय मडगार्डखाली होता. त्याचे ओरडणे माणसाचे वाटत नव्हते.

भोवतीची माणसे एकच गोष्ट ओरडत होती: अक्का, हिसका मार. अक्का आधी ट्रॅक्टरभोवती चालत फिरल्या, सगळीकडून पाहिले. एक जण मोबाइल धरून चित्रण करत होता. चालता चालताच त्यांनी त्याच्या हातावर असा फटका मारला की मोबाइल चिखलात रुतला. मग त्यांनी पोती भरायला लावली. माणसे हातांनी माती उपसू लागली. साखळी त्यांनी स्वतः बांधली, खाली, ट्रॅक्टरच्या अंगाशी. मला लाकडाचे ओंडके देऊन बाजूला बसवले. ट्रॅक्टर जितका उचलेल तितका ओंडका आत सारायचा होता. "माझ्याकडं बगू नगंस. लाकडाकडं बग," त्या म्हणाल्या.

पिकअपचा आवाज खालच्या सुरात लागला. चाके फिरताहेत हे त्यांच्यावरचा चिखल हलला म्हणूनच कळत होते. ट्रॅक्टर बोटभर उचलला. मी ओंडका सारला. पुन्हा बोटभर. धोंडिरामचा आवाज आता माझ्या कानाशी होता.

"वैनी, पाया पडतो. हिसका मार. येकदाच मार, सुटू दे."

अक्कांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. गाडी थांबवली नाही, वेग वाढवला नाही.

"तुझा दादा काय म्हनला हुता तवा? 'सावकाश, धोंड्या' म्हनला हुता. मी बांधावर हुते. मला ऐकू आलं. तुला न्हाय आलं?"

नंतर तो ओरडला नाही. दातांतून नुसती एक बारीक शिटी येत राहिली. हिसका बसला असता तर ट्रॅक्टर डोलून त्याच्याच अंगावर परत आला असता, याबद्दल मला शंका नाही. सावकाश ओढणे हाच एक मार्ग होता. पण त्या आवाजात वाचवण्याची तातडीही नव्हती. बरोबर पद्धत आणि सूड, दोहोंचा वेग त्या सकाळी एकच होता. मी लाकडाकडे पाहत राहिले आणि ओंडके सारत राहिले.

तो निघाला. आम्ही त्याला हौद्यात मातीच्या पोत्यांवर आडवे केले. मी ओढणीने मांडी आवळून धरली. अक्कांनी गाडी कोल्हापूरला आणली, प्रत्येक गतिरोधकाला जवळजवळ थांबून. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याला स्ट्रेचरवर घेतले, सुई दिली. वेदना उतरू लागली तसा त्याच्या चेहऱ्यावर जुना रंग येऊ लागला. तो छताकडे पाहत होता. मग त्याने अक्कांकडे मान वळवली आणि कामातली एखादी बारकी चूक सांगावी तसा म्हणाला, "वैनी, मी जरा कमी पडलो बग. आनखी लांबनं घेतला असता न्हाय, तर निघाली असती ट्राली."

अक्कांच्या हातात काही नव्हते, त्यामुळे खाली ठेवण्यासारखे काही नव्हते. पहिली थप्पड मला दिसली नाही, नुसती ऐकू आली. मग त्या मारत राहिल्या. तोंडावर, छातीवर, पुन्हा तोंडावर. शब्द नव्हता, श्वासही एकसारखा. तो हात वर करत नव्हता. परिचारिका आणि मी त्यांना मागून धरले तर आम्ही दोघीही ओढल्या गेलो. शेवटी पहारेकरी आणि आणखी दोन पुरुष आले, तेव्हा त्या स्ट्रेचरपासून सुटल्या. बाहेर नेले तरी त्यांचा हात हवेत उठत होता.

धोंडिराम वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तो पुन्हा ट्रॅक्टरवर बसला नाही, हे मला आईच्या फोनवरून कळत राहते. त्या दिवशी मात्र यातले काहीच ठरलेले नव्हते. अक्का फाटकाजवळच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसल्या, मग उठल्या. "चल. ट्राली तशीच हाय रानात. ऊस वाळतोय, रस्ता अडलाय."

आम्ही परतलो तेव्हा दुपार कलली होती. ट्रॅक्टर कोणीतरी बाजूला सारला होता. मी बांधावरच थांबले. पोत्यांवर रक्त होते. अक्कांनी ती तशीच ठेवली, वजन पुरेसे आहे म्हणाल्या. कोणी सांगितले नव्हते, तरी माणसे आपोआप लांब बांधावर सरकली होती. साखळी ताणली. बराच वेळ काही झाले नाही. मग चिखलाने ट्रॉलीची चाके एकेक करून सोडली आणि उसाचा तो डोंगर रस्त्याच्या दिशेने सरकू लागला. गाडी माझ्यासमोरून गेली. अक्का पुढे पाहत नव्हत्या, नव्या आरशातून मागच्या ट्रॉलीकडे पाहत होत्या. उजव्या हाताची बोटे सुजून मिटत नव्हती, म्हणून त्यांनी स्टिअरिंग मनगटाने दाबून धरले होते.